आठ रविवार, पाच डिस्क आणि भुरीची ‘उडी’

आधी पैशाचं सांगून टाकतो. कुत्र्याला डिस्क (उडती थाळी) हवेत झेलायला आणि तिच्याबरोबर कसरती करायला शिकवायच्या कोर्सचे ३,८०० रुपये. त्यात रविवारचे ८ ऑनलाइन वर्ग, कुरिअरनं येणाऱ्या ५ डिस्क, ४० पानांची परिभाषेची पुस्तिका आणि वर्ग संपल्यावर ३ महिने प्रशिक्षकाला फोन करायची मुभा. संस्था पुण्याकडची. नाव लिहीत नाही, कारण खाली तक्रारी भरपूर आहेत आणि माणसं वाईट नाहीत. पाचापैकी माझे गुण साडेतीन. त्यातले दोन एकट्या पुस्तिकेचे, एक फोनचा, अर्धा बाकी सगळ्याचा मिळून.

मी दर्यापूर तालुक्यातल्या एका गावी पशुवैद्यकीय दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक आहे. गाव मला डॉक्टर म्हणते. मी डॉक्टर नाही हे सांगून सांगून थकलो, आता हो म्हणतो. भुरी म्हणजे आमची कुत्री, दवाखान्याच्या आवारातच जन्मली. गावठी जात, वजन १४ किलो, एक कान उभा, एक पडका. ताईचा मुलगा शिकायला आमच्याकडे असतो, नववीत आहे. त्यानं एकदा डिस्टेंपर रंगाच्या बादलीचं झाकण फेकलं आणि भुरीनं ते कंबरेएवढ्या उंचीवर हवेत झेललं. तिथून हे खूळ सुरू झालं.

वर्षभर आम्ही मामा-भाचे आपल्या अकलेनं शिकवत होतो. आमच्याकडे शब्द एकच होता: उडी. पायावरून जायची ती उडी. पाठीवर चढून पुढं झेपावायची तीही उडी. छातीला पाय लावून उलटी फिरायची ती उडी, आणि जागच्या जागी वर झेलायची तीसुद्धा उडीच. एक दिवस मी ओणवा होऊन ‘उडी’ म्हणालो, तर भुरी माझ्याभोवती एक फेरा मारून समोर येऊन बसली आणि तोंडाकडं बघत राहिली. भाचा म्हणाला, “मामा, तू उडी म्हणतं तं कोणती उडी? तिचं सोड, मलेच समजत नाही.”

पोट्ट्याचं बरोबर होतं. हे मला आधी सुचायला हवं होतं, कारण माझी सगळी नोकरीच या भानगडीवर चालते. पहाटे फोन येतो, “डॉक्टर, बैल बसला.” बसला म्हणजे काय? थकून बसला, पाय मोडून बसला, की तापानं बसला? पण तोच माणूस म्हणाला की “फऱ्या वाटते,” तर मी कोणती पेटी घ्यायची ते गाडीला किक मारायच्या आधीच ठरते. मांडीवर सूज, दाबली की चरचर वाजते, हे सगळं त्या एका शब्दात आलं. ‘तिवा’, म्हणजे तीन दिवसांचा ताप, म्हणाला तर वेगळी पेटी. गंमत म्हणजे आमच्याकडे फऱ्यालाच कोणी एकटांग्या म्हणते. नवीन आलेला डॉक्टर पहिल्या महिन्यात हमखास गोंधळतो. नावं दोन असली तरी चालतात, दोन्ही एकाच रोगाची आहेत हे दोघांना माहीत पाहिजे.

तर पुस्तिका. कुत्र्यांच्या डिस्क खेळात ज्या कसरती होतात त्यांची नावं, प्रत्येकीचं एका ओळीत वर्णन आणि शेजारी रेघांचं चित्र. कागद साधा, पिना मारलेल्या, पण ज्यानं लिहिली त्याला कुठं अडते ते माहीत आहे. मुख्य गोष्ट अशी की कसरतींची विभागणी ती दिसायला कशी आहे यावर केलेली नाही, कुत्रा माणसाच्या अंगाचं काय करतो यावर केली आहे. अंगाला न शिवता हातावरून, पायावरून, पाठीवरून गेला तर ‘ओव्हर’. अंगावर पाय देऊन, त्याचा पाट करून पुढं उडाला आणि हवेत डिस्क झेलली तर ‘व्हॉल्ट’. पाय पाठीवर दिला तर बॅक व्हॉल्ट, मांडीवर दिला तर थाय व्हॉल्ट. समोरून येऊन अंगावर आदळला आणि भिंतीवरून चेंडू यावा तसा उलट गेला तर ‘रिबाउंड’. अंगावर चढून तोल सांभाळत थांबला तर ‘स्टॉल’. हवेत स्वतःचं अंग फिरवलं तर ‘फ्लिप’. शेवटी माणसानंच उडत्या कुत्र्याला कवेत धरलं तर ‘डॉग कॅच’.

हे वाचलं आणि आमच्या एका उडीच्या सहा झाल्या. त्याच संध्याकाळी आम्ही अंगणात बसून ठरवलं की भुरीला ओव्हर पक्का येतो, व्हॉल्ट अर्धा येतो, रिबाउंड अजिबात येत नाही आणि फ्लिप ती आपल्या मनानं करते, आम्ही काही शिकवलेला नाही. एका वर्षात आम्हाला हे सांगता आलं नव्हतं.

मी शाळेत असताना मल्लखांब केला आहे. अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. मंडळ १९१४ चं, १९३६ साली त्यांची पोरं बर्लिनच्या ऑलिम्पिकला आपले देशी खेळ दाखवून आली होती. आमचे गुरुजी तिथूनच शिकून आलेले. ते कधी ‘खांबावर चढ’ म्हणत नसत. ‘सलामी घे, अढी घाल, दसरंग लाव’ म्हणत. सुईदोरा म्हटलं की दहा पोरांच्या डोक्यात एकच आकृती. कुस्तीतही तेच. दंगलीत निवेदक ‘ढाक’ म्हणाला की लांब बसलेल्या म्हाताऱ्यालाही कळते, पाहायची गरज नाही. तेव्हा परिभाषा म्हणजे पांढरपेशांचं काम, असं माझ्यासारख्या माणसानं तरी म्हणू नये.

पुस्तिकेत इतिहासाची दोन पानं आहेत, तीही बरी आहेत. ५ ऑगस्ट १९७४ ला लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियमवर बेसबॉलचा सामना चालू असताना अ‍ॅलेक्स स्टाइन नावाचा १९ वर्षांचा पोरगा आपली अ‍ॅश्ली व्हिपेट (व्हिपेट ही कुत्र्याची जात) घेऊन मैदानात घुसला. सामना थांबला, टीव्हीवर देशानं कुत्र्याच्या झेपा पाहिल्या आणि पोराला पोलिसांनी नेलं. पुढच्याच वर्षीपासून स्पर्धा सुरू झाल्या आणि पहिली तीन वर्षं अ‍ॅश्लीच जिंकला. हो, नर होता. मी नावावरून आधी मादी समजलो, म्हणून वर ‘आपली’ लिहून गेलो, राहू द्या. ‘फ्रिस्बी’ हे व्हॅम-ओ या कंपनीचं १९५७ पासूनचं नाव, म्हणून खेळात सगळे ‘डिस्क’ म्हणतात, हेही तिथंच कळलं. म्हणजे या खेळाला आपल्या मुख्य वस्तूसाठीच आधी एक सामाईक शब्द शोधावा लागला.

आता तक्रारी.

पहिली, पुस्तिकेचीच. मागच्या ६ पानांत ‘मराठी पर्याय’ दिले आहेत. कोणी दिले देव जाणे. ओव्हर म्हणजे ‘उल्लंघन’. रिबाउंड म्हणजे ‘प्रतिक्षेप’. स्टॉल म्हणजे ‘स्तंभन’, ज्यावर मी काही बोलत नाही, घरात आई असते. आणि हातात धरलेली डिस्क कुत्र्यानं तोंडानं घ्यायची त्या साध्या ‘टेक’ला ‘ग्रहण’! भाचा ओट्यावर मोठ्यानं वाचत होता, तर आईनं आतून विचारलं, “आज कोणतं ग्रहण हाये रे? मी पोळ्या केल्या ना.” ही ६ पानं फाडून टाकली तरी चालतात. व्हॉल्ट आणि रिबाउंड हे शब्द आम्हाला चार दिवसांत तोंडात बसले. ट्रॅक्टर, पंप, इंजेक्शन बसले तसेच.

दुसरी तक्रार गंभीर आहे. चौथ्या रविवारच्या व्हिडिओत शिकवणाऱ्या बाई ज्याला ‘फ्लिप’ म्हणतात ते पुस्तिकेप्रमाणं रिबाउंड आहे. काही नावं गटागणिक बदलतात असं पुस्तिकेतच पान ३ वर लिहिलं आहे, मान्य. पण एकाच संस्थेच्या व्हिडिओत आणि पुस्तिकेत तरी एक पाहिजे की नाही? आमच्याकडे त्याचं असं झालं: भाच्यानं व्हिडिओ पाहिलेला, मी पुस्तिका वाचलेली. तो बाजूनं ओरडला, “फ्लिप!” मी समजलो भुरी माझ्या समोर, अंगापासून दूर हवेत फिरेल, म्हणून हनुवटी पुढं करून डिस्क उंच धरली. त्यानं तिला लावली होती सरळ माझ्या छातीवर. १४ किलोचं कुत्रं पळत येऊन छातीवर आदळलं, डोकं माझ्या हनुवटीला लागलं, माझाच दात माझ्या ओठात. दोन टाके पडले. दवाखान्यात कंपाउंडर म्हणाला, “साहेब, गाईनं मारलं असं लिहू का?” संस्थेला कळवलं तर ‘सूचनेची नोंद घेतली आहे’ असा मेसेज आला. व्हिडिओ अजून तसाच आहे.

तिसरी, वेळापत्रक. वर्ग एप्रिलच्या शेवटच्या रविवारी सुरू, वेळ संध्याकाळी ५. पुण्यात असेल तेव्हा वारा. आमच्याकडे ५ वाजता पारा ४३-४४ वर असतो आणि मैदानावर तळहात पाच सेकंद टेकवत नाही. कुत्र्याला अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकून अंग थंड करते, आणि खेळाच्या नादात स्वतः थांबत नाही. मी वर्गात सांगितलं की मी नुसता पाहणार, कुत्री बाहेर काढणार नाही. प्रशिक्षक जरा नाराज झाले, पण दुसऱ्या रविवारी नागपूरच्या एका बाईंनीही तेच म्हटलं तेव्हा रेकॉर्डिंग पाठवायला लागले. शिवाय आमची जमीन काळी, खारपाणपट्ट्यातली. उन्हाळ्यात हातभर भेगा, त्यात पाय गेला तर कुत्र्याचा पाय मोडलाच समजा. पावसाळ्यात पायाला किलोभर गारा. सोयाबीन निघाल्यावर वावर मोकळं दिसते, पण तिथं धसकटं टोचतात. आमचा खरा हंगाम दिवाळी ते होळी, जिल्हा परिषद शाळेच्या मैदानावर, जिथं थोडी हिरवळ टिकते, सकाळी साडेसहाला. विदर्भातून कोणी घेणार असेल तर ऑक्टोबरच्या तुकडीची वाट पाहा.

चौथी, वयाची. पुस्तिका म्हणते वर्षाच्या कुत्र्याला व्हॉल्ट सुरू करा. माझ्या नोकरीतून सांगतो, घाई करू नका. हाडांच्या टोकाची वाढीची कूर्चा पक्की व्हायला मोठ्या जातींत दीड वर्षापर्यंत लागते. तोवर ‘रोलर’ खेळा, म्हणजे डिस्क कडेवर उभी करून जमिनीवरून गडगडत सोडायची. कुत्रा पळतो, पकडतो, उडी नाहीच. रोलर पुस्तिकेत अर्ध्या पानात उरकला आहे, तो खरं तर पहिल्या पानावर पाहिजे.

डिस्कबद्दल फार लिहीत नाही. दवाखान्याच्या काट्यावर एकेक ११२ ग्रॅम भरली, व्यास २३ सेंटिमीटरच्या आसपास. माणसांच्या अल्टिमेट खेळाची डिस्क १७५ ग्रॅमची असते, ती कुत्र्याच्या दातांवर मारू नये, एवढं लक्षात ठेवा. यांचं प्लास्टिक जरा कडक. जानेवारीत सकाळी आणखी कडक होते, मी अर्धा तास स्वेटरच्या आत धरून नेतो. दातांनी कडा खरवडल्या की टोचऱ्या होतात आणि हिरडीतून रक्त येते, तेव्हा दर रविवारी बारीक पॉलिश पेपर मारायचा. पाचपैकी एक दुसऱ्याच महिन्यात तडकली, एक शाळेच्या कौलांवर आहे.

आता फोनचा एक गुण कशाचा ते सांगतो. नोव्हेंबरमध्ये भुरी पाठीवरून छान उडायची, पण डिस्क सुटायची आणि ती मागच्या दोन पायांवर धप्पकन उतरायची. मला त्या आवाजाची भीती वाटे. तसं रोज उतरणारं कुत्रं पुढं कंबर धरते. मुभेचे ३ महिने तोवर संपले होते, तरी फोन केला. आधीच्या वर्षी असता तर मी म्हणालो असतो, ‘सर, उडी चुकते.’ आता म्हणालो, “सर, बॅक व्हॉल्टला टेकऑफ चांगला आहे, झेल सुटतो, मागच्या पायांवर उतरते.” त्यांनी एकच विचारलं: “डिस्क तिच्या डोक्यावर ठेवता की तिच्या वाटेवर पुढं?” मी उत्तर द्यायच्या आधीच मला उत्तर कळलं. मी ओणवा, भाचा डिस्क सोडतो, आणि तो ती माझ्या पाठीच्या सरळ वर तरंगत ठेवत होता. भुरी खांबासारखी उभी वर जायची आणि उभीच खाली यायची. दुसऱ्या दिवशी डिस्क हातभर पुढं सोडली. पाठीवर मी नेहमीप्रमाणं वाकळ दुमडून सुतळीनं बांधलेली (पुस्तिकेत खास जाकीट सांगितलं आहे, त्याचे २,२०० रुपये कोण देणार). तिचे पाय पाठीला लागले, नखांचा दाब वाकळीतूनही जाणवला, मग क्षणभर काहीच नाही, आणि पुढं गवतावर पुढचे दोन, मागचे दोन असा हलका आवाज. मान वर केली तर डिस्क तोंडात. दोन मिनिटांचा फोन. पैसेही मागितले नाहीत, हे मुद्दाम लिहितो.

एक गोष्ट मात्र कोर्समध्ये कुठंच सांगितली नाही, ती आमची आम्ही शिकलो. ही नावं माणसांसाठी आहेत. प्रशिक्षकाशी, परीक्षकाशी, भाच्याशी बोलायला. कुत्र्याला द्यायचा शब्द वेगळा असला तरी चालतो, उलट वेगळाच बरा. आम्ही हौसेनं आपले शब्द काढले. टेकला ‘घे’. बॅक व्हॉल्टला ‘घोडा’. भोवती फेरा मारायचा त्याला ‘घाणा’, तेलघाण्याच्या बैलावरून. झालं काय, ‘घ’ ऐकला की भुरी पुढचं ऐकायला थांबायचीच नाही, डिस्कवर झडप. आठवडाभरात बदलावे लागले. आता घोड्याचं ‘हुप्प’ आणि घाण्याचं ‘फेरा’. रिबाउंडला ‘भिंत’, ओव्हरला ‘कुंपण’, डॉग कॅचला ‘कडेवर’. स्टॉलला भाच्यानं ‘मचाण’ सुचवलं, रानडुकरांपायी आमच्या शिवारात मचाणी सगळीकडे आहेतच. पाठोपाठ चार-पाच डिस्क जवळून सोडायच्या, कुत्रं एक झेलून टाकते की दुसरी तयार, त्या ‘मल्टिपल’ला आम्ही ‘पंगत’ म्हणतो. हा शब्द भुरीसाठी नाही, आमच्या दोघांसाठीच आहे. भुरीला पंगत म्हणायची गरज पडत नाही, माझ्या डाव्या हातात थप्पी दिसली की ती कामाला लागते.

स्पर्धेला जाणार का, असं लोक विचारतात. ६० सेकंदांचा टॉस अँड फेच भाच्याला करायचा आहे: एकच डिस्क, मिनिटभर जितक्या लांब आणि जितक्या वेळा झेलेल तितके गुण, चारही पाय हवेत असताना झेलली तर बऱ्याच नियमावल्यांत अर्धा जास्त. आम्ही मैदानावर चुन्यानं रेघा मारल्या आहेत. नियमात अंतर यार्डात असते, पुस्तिकेत मीटरमध्ये कोष्टक नाही. हीही तक्रार लिहून घ्या.

पुस्तिका वेगळी विकत देता का, म्हणून विचारलं होतं. परतवाड्याच्या एका ओळखीच्या माणसाला नुसती तीच हवी होती. नाही म्हणाले. २५० रुपयांना विकली तर माझ्याकडून आजच दोन जातील.

मागच्या गुरुवारी मैदानावरून परत येत होतो. चहाच्या टपरीवर चार म्हातारे नेहमीचे बसलेले. सुरुवातीला हेच विचारायचे, “डॉक्टर, काय करून राहिले बावा हे?” त्या दिवशी एकानं कपातली बशीत ओतता ओतता भुरीकडं पाहिलं आणि म्हणाला, “आज पंगतीत दोन सुटल्या तिच्या. अन् मचाण कावून नाही केलं?”